आंबोली घाटात गाड्या थांबवण्यास बंदी हवी, वर्षासहलीला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग लागला की आपल्या दैनिकात आंबोलीच्या बातम्या सुरू होतात. आधी मुख्य धबधबा प्रवाहित झाल्याचे छायाचित्र येते आणि त्यानंतरच्या रविवारपासून घाटातली वाहतूक कोंडी, हुल्लडबाजी, पोलिसांनी केलेला दंड आणि एखाद्या वर्षी कावळेसादच्या दरीत पडलेल्या पर्यटकाचा शोध अशी वृत्ते येऊ लागतात. त्यापाठोपाठ वर्षा पर्यटनावर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारी पत्रेही याच सदरात छापून येतात. मी गडहिंग्लजचा रहिवासी आहे आणि आमची मित्रमंडळी पावसाळ्यात एक दिवस आंबोलीला जाऊन येतात. बंदीची मागणी करणाऱ्यांची तळमळ मला समजते, तरीही त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. त्याऐवजी अमलात आणता येईल असा एक ठोस प्रस्ताव मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. शनिवारी, रविवारी आणि सुटीच्या दिवशी घाटातून कोणालाही गाडी घेऊन जाऊ द्यावे, परंतु घाटात कोणालाही गाडी थांबवू देऊ नये आणि धबधब्यापर्यंत लोकांची ने-आण एसटीने करावी.

आंबोलीची अडचण तिच्या रचनेतच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेल्या या गावात वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाराष्ट्रात इतका पाऊस झेलणारी गावे फारच थोडी आहेत. मुख्य धबधबा गावापासून तीनेक किलोमीटर खाली, सावंतवाडीकडे उतरणाऱ्या घाटरस्त्याला अगदी लागून कोसळतो. तो पाहायला आडवाटेने जावे लागत नाही. गाडीचे दार उघडले की पर्यटक धबधब्याच्या पायरीवर असतो. ही सोय आहे म्हणून तो इतका लोकप्रिय झाला आणि याच सोयीमुळे सारे बिघडले आहे. रस्त्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि मध्ये जेमतेम दोन वाहनांपुरती वाट. त्यात दोन्ही कडांना मोटारी लावल्या की एकच गाडी जाण्याइतकी फट उरते आणि वरून येणारी बस व खालून येणारा ट्रक समोरासमोर आले की दोघांनाही हलता येत नाही.

आमच्यातला एक मित्र एसटीत चालक होता. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा नियम पूर्वी चालकांच्या अंगवळणी पडलेला असे, असे तो सांगतो. भरलेली गाडी ओल्या चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना ती मागे सरकते, म्हणून हा नियम झाला. कडेला मोटारींची रांग लागलेली असते तेव्हा उतरणाऱ्याला बाजूला घ्यायला जागाच मिळत नाही आणि नियम पाळण्याची इच्छा असूनही तो पाळता येत नाही. धुके उतरले की दहा पावलांवरची उभी गाडी दिसत नाही, ही आणखी एक गोष्ट. शिवाय डोंगराच्या अंगाने पाणी वाहून नेणारे जे गटार असते त्यात कित्येक जण गाडीची दोन चाके उतरवून ठेवतात. गटाराचा काठ त्यामुळे ढासळतो, पाणी रस्त्यावरून आडवे वाहू लागते आणि दरीकडची बाजू आतून पोखरली जाते. माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण आणि मध्ये मुरणारे अमाप पाणी अशा या डोंगरात दरड कोसळणे नवे नाही. निदान आपण होऊन त्याला हातभार लावू नये.

गेल्या आषाढात एका रविवारी आम्ही आजऱ्याहून येणाऱ्या बसने आंबोलीच्या स्थानकावर उतरलो आणि चालत घाटाने धबधब्याकडे निघालो. वरच्या वळणावर पोहोचलो तेव्हा सावंतवाडीकडून वर येणारी एक रुग्णवाहिका मोटारींच्या रांगेत अडकली होती. आत एक वयस्कर बाई होत्या आणि त्यांना बेळगावच्या इस्पितळात न्यायचे होते. त्यांचा मुलगा छत्री न घेताच खाली उतरून एकेका गाडीच्या काचेवर हाताने थाप मारत पुढे चालला होता, परंतु बहुतेक गाड्यांत कोणी नव्हतेच. हॅन्डब्रेक ओढून, दारे लावून माणसे धबधब्यात उतरलेली होती आणि पाण्याच्या त्या आवाजात भोंगा कोणाला ऐकू जाणार? आमचा चालक मित्र आणि तिथला एक कणीसवाला यांनी मिळून पायऱ्यांवर जाऊन गाड्यांचे क्रमांक ओरडून सांगितले. ओली माणसे किल्ल्या शोधत धावत आली. त्यांच्यापैकी एकही जण उद्धटपणे बोलला नाही, सर्वांनी निमूटपणे गाड्या काढल्या, कित्येकांनी हात जोडून क्षमाही मागितली. रुग्णवाहिका निघायला तरीही अर्धा तास लागला.

हा प्रसंग मुद्दाम विस्ताराने सांगितला, कारण त्यात हुल्लडबाज कोणी नव्हते. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे आणि पोलीस ती करतातही. भर पावसात दिवसभर त्या वळणावर उभे राहणाऱ्या पोलिसांविषयी मला आदर आहे. पण त्या दिवशी वाट अडवणारी माणसे तुमच्या-आमच्यासारखी होती. कोणी आईवडिलांना घेऊन आले होते, कोणी महाविद्यालयातल्या मित्रांबरोबर. धबधब्यापाशी गाडी लावता येते म्हणून त्यांनी ती लावली. जिथे व्यवस्थाच नाही तिथे प्रत्येकाच्या शहाणपणावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही.

सरसकट बंदीचा अनुभवही आपल्यासमोर आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. साऱ्या महाराष्ट्राने ती चित्रफीत पाहिली आणि अनेक घरांत त्या रात्री जेवण गोड लागले नसेल. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. तातडीचा उपाय म्हणून ते समजण्यासारखे आहेत, परंतु आदेशाची मुदत संपते आणि पुढच्या पावसाळ्यात गर्दी होती तशीच परत येते. बंदीच्या काळात लोक घरी बसतात असेही नाही. जिथे फलक नाही, माहीतगार माणूस नाही, मोबाइलला रेंज नाही अशा अनोळखी ओढ्यांकडे ते वळतात आणि धोका कमी होण्याऐवजी विखुरला जातो.

आणि वर्षासहल ही बंद पाडण्यासारखी गोष्ट आहे, असे मला मुळीच वाटत नाही. कारखान्यात, दुकानात, शाळेत वर्षभर राबणाऱ्या माणसाला एका दिवसात जाऊन येता येईल असा हा आनंद आहे आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. आमच्या मंडळींत किराणा दुकानदार आहे, माध्यमिक शाळेचे शिक्षक आहेत, उसाची शेती करणारे आहेत. सकाळच्या बसने निघायचे, आजरा मागे पडल्यावर खिडकीतून आत येणारे तुषार अंगावर घ्यायचे, स्थानकासमोर चहा आणि कांदाभजी, मग धुक्यातून चालत धबधबा. दुपारी गावातल्या खाणावळीत तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे खाऊन हिरण्यकेशीच्या देवळात जायचे आणि दिवेलागणीच्या आत परतीची बस धरायची. वर्षभर एकमेकांशी फोनवर दोन मिनिटेही न बोलणारे मित्र त्या दिवशी पोटभर बोलतात. बसने गेल्यामुळे कोणाला गाडी चालवायची नसते, त्यामुळे कोणी एकटा पडत नाही आणि घरी वाट पाहणाऱ्यांच्या जिवाला घोरही नसतो.

हिरण्यकेशीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण गडहिंग्लजकरांचा आणि आंबोलीचा खरा संबंध तिथे आहे. देवळामागच्या गुहेतून जे पाणी कुंडात येते तीच आमची नदी. आजरा आणि गडहिंग्लज करत ती कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि ते पाणी थेट बंगालच्या उपसागरात जाते. तिथून काही किलोमीटरवर घाटाच्या तोंडाशी पडलेला पाऊस मात्र धबधब्याने कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतो. आमच्या घरातल्या नळाला जे पाणी येते ते या नदीचे आहे. त्यामुळे आंबोलीच्या पठारावर कोणी टाकलेली बाटली, प्लेट किंवा डायपर हा आमच्यासाठी दूरच्या पर्यटनस्थळाचा प्रश्न राहत नाही. याच कुंडात सापडलेली माशाची एक नवी जात २०२० मध्ये जगासमोर आली आणि तिला नदीवरूनच ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने देवळाच्या परिसरातले २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. बोटाएवढ्या माशासाठी शासनाने असा निर्णय घ्यावा, याचा मला नदीकाठचा माणूस म्हणून अभिमान वाटतो.

आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा आणखी एक जीव आहे आणि घाटातल्या वाहनांशी त्याचा अधिक जवळचा संबंध येतो. अंगाच्या कडेला पिवळे-काळे पट्टे असलेला आंबोली टोड हा बेडकाच्या जातीचा प्राणी २००९ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाला आणि जगातल्या अतिसंकटग्रस्त प्रजातींत त्याची गणना होते. जांभ्याच्या कातळावर पावसाचे जे उथळ पाणी साचते त्यात तो अंडी घालतो. त्याच्या जोडीला पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाचे घरटे करणारा मलबारचा हिरवा उडता बेडूक, चापडा हा विषारी साप आणि खेकडे असे कितीतरी जीव पावसाळ्यात सायंकाळनंतर बाहेर पडतात आणि रस्ता ओलांडतात. नेमकी हीच वेळ एका दिवसाच्या सहलीवरून परतणाऱ्या गाड्यांची असते. रात्रीच्या पावसानंतर सकाळी त्या रस्त्याने चालून पाहावे. डांबरावर चपटे झालेले बेडूक पाहून मन विषण्ण होते. चाळीस माणसे एका बसमधून परतली तर दहा गाड्या कमी होतात, हा हिशेब माणसांइतकाच या जिवांच्याही उपयोगाचा आहे.

आता प्रस्तावाच्या तपशिलाकडे येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम ११५ व ११७ यांनुसार वाहतुकीवर निर्बंध घालण्याचे आणि वाहनतळ ठरवून देण्याचे अधिकार शासनाला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहेत. त्यांचा वापर करून जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत सुटीच्या दिवशी सकाळपासून सायंकाळपर्यंत आंबोली गाव ते घाटाचा पायथा या पट्ट्यात कोणतेही खासगी वाहन उभे करण्यास मनाई करावी. सावंतवाडीला, गोव्याला किंवा बेळगावला जाणाऱ्यांनी न थांबता निघून जावे. धबधबा पाहायचा आहे त्यांनी वरून आल्यास आंबोलीत आणि खालून आल्यास पायथ्याच्या दाणोली गावात गाडी ठेवावी आणि तिथून दर पंधरा-वीस मिनिटांनी सुटणाऱ्या एसटीने जावे. सावंतवाडी आणि आजरा या दोन आगारांना सुटीच्या दिवशी काही जादा गाड्या उपलब्ध करून देणे जड जाऊ नये. आषाढी वारीसाठी आणि गणपतीत कोकणात जाण्यासाठी महामंडळ याहून कितीतरी पटींनी मोठी व्यवस्था दरवर्षी उभी करते. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे, त्यामुळे मोटारीच्या इंधनापेक्षा हे स्वस्तच पडेल.

अशी व्यवस्था आपल्याच राज्यात अन्यत्र चालू आहे. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही आणि म्हणून तिथे जायचे कोणी थांबलेले नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात वाहने दूरच्या तळावर ठेवून बसने जावे लागते, प्रवेशासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि दिवसाला किती पर्यटक घ्यायचे याची मर्यादाही ठरवलेली आहे. तिथले काम वन विभागाच्या बरोबरीने भोवतालच्या गावांच्या समित्या पाहतात. सुरुवातीला तिथेही कुरबुर झाली, पण आज सहली काढणारे लोक ते गृहीत धरूनच निघतात.

धबधब्याजवळ कणसे, चहा आणि भजी विकणाऱ्या ग्रामस्थांचा धंदा बुडेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्या दिवशी रुग्णवाहिकेसाठी पायऱ्यांवर धावलेला कणीसवाला याच मंडळींपैकी होता. त्यांची दोन-अडीच महिन्यांची कमाई वर्षाच्या संसाराला जोडलेली असते, याची मला पूर्ण जाणीव आहे. माझ्या मते बसने येणारा पर्यटक त्यांच्यासाठी अधिक चांगला गिऱ्हाईक ठरेल. मोटारवाला मागच्या गाडीच्या भोंग्यामुळे पाच मिनिटांत निघतो. बसची वाट पाहणारा माणूस चहा घेतो, कणीस खातो, गावात परतल्यावर जेवतोही. धबधब्यावरच्या स्टॉलधारकांना तिथेच ठेवावे आणि वाहनतळाचे काम व त्यातले उत्पन्न आंबोलीच्या ग्रामस्थांकडे द्यावे. वाहनतळासाठी जागा शोधताना मात्र आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींचा अनेक वर्षे रखडलेला प्रश्न आडवा येणार, हे उघड आहे. ज्या ग्रामस्थांना स्वतःच्या जमिनीसाठी इतकी वर्षे शासनाचे उंबरठे झिजवावे लागले त्यांच्यावर पर्यटनाच्या नावाखाली आणखी एक आरक्षण लादणे अन्यायाचे होईल. म्हणून ग्रामसभेने दाखवलेली जागा हंगामापुरती भाड्याने घ्यावी आणि भाडे आगाऊ द्यावे. दाणोलीतही हेच व्हावे.

वृद्ध आणि अपंग व्यक्तींना घेऊन येणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. पावसात बसमध्ये चढणे-उतरणे त्यांना जमत नाही. अशा गाड्यांना धबधब्यापाशी माणसे उतरवून पुढे जाण्याची मुभा द्यावी आणि परतीसाठी पोलिसांनी ठरवलेल्या क्रमाने बोलवावे. हे करताना सुरुवातीला गोंधळ होईल, थोडी वादावादीही होईल.

कावळेसादचा प्रश्न वेगळा आहे. खालून वर उसळणारे पाणी आणि दरीतून येणारा वारा पाहण्यासाठी गेळे गावाच्या हद्दीतल्या या कड्यावर लोक जातात. तिथे वाहनांपेक्षा कठड्यापलीकडे जाणाऱ्यांची भीती जास्त आहे. कोणी पडले की आंबोली आणि सांगेलीतले बचाव पथकांचे तरुण दोर घेऊन धुक्याने भरलेल्या दरीत उतरतात. हे त्यांचे पोटापाण्याचे काम नव्हे, तरी स्वतःचा जीव ते दोराला टांगतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत. त्याच धर्तीवर या तरुणांपैकी काहींना हंगामापुरते मानधन देऊन कावळेसादला, मुख्य धबधब्यावर आणि नांगरतासच्या धबधब्यावर नेमावे. माणूस पडल्यानंतर दरीत उतरण्यापेक्षा तो कठडा ओलांडण्याआधी त्याच्या दंडाला धरणे त्यांनाही सोपे जाईल. वाहनतळाच्या शुल्कातून हा खर्च भागवता येईल.

आपल्या दैनिकाचे वाचक कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि गोवा या चारही बाजूंना आहेत आणि आंबोलीला येणारी गर्दी याच चार वाटांनी येते. म्हणून आपल्याला एक विनंती आहे. सिंधुदुर्गचे जिल्हाधिकारी, पोलीस, वन विभाग, सावंतवाडी व आजरा आगारांचे व्यवस्थापक आणि आंबोली, गेळे, चौकुळ व दाणोलीचे सरपंच यांची एकत्र बैठक मे महिन्यात व्हावी, यासाठी आपण पाठपुरावा करावा. साऱ्या हंगामाचा निर्णय एकदम होत नसेल तर आषाढातल्या चार रविवारी हा प्रयोग करून पाहावा. तो ठरल्यास बसचे वेळापत्रक आणि वाहनतळांचे ठिकाण आदल्या शुक्रवारी पहिल्या पानावर छापावे, म्हणजे माणसे घरून निघतानाच कुठे गाडी ठेवायची आणि किती वाजता परतायचे हे ठरवून निघतील. त्या चारही रविवारी आंबोलीच्या वाहनतळावर रांगा लावण्यासाठी आणि लोकांना बसची माहिती देण्यासाठी आमची गडहिंग्लजची मित्रमंडळी सकाळी आठपासून उभी राहायला तयार आहे. तसे पत्र आम्ही आंबोली ग्रामपंचायतीकडे स्वतंत्रपणे पाठवत आहोत.

आपला,
एक नियमित वाचक, गडहिंग्लज (जि. कोल्हापूर)